दोन महिने नुसती धारच लावतोय

बाई, नमस्कार.

मी ३२ वर्षांचा. अनगोळला राहतो, उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी माळ्यावर फणसाच्या सहा फळ्या पडून आहेत. दारातलं झाड पडल्यावर आजोबांनी त्या कापून घेतल्या होत्या, त्याला वीसेक वर्षं झाली. त्यातून मुलीला खाली बसून लिहायचं मेज करून द्यायचं माझ्या मनात आहे, तेही स्वतःच्या हातानं. म्हणून जूनपासून शहापुरातल्या एका सत्तरीच्या मेस्त्रींकडं जातो. दर रविवारी, आणि दुसरी पाळी असली की सकाळीसुद्धा. दोन महिने झाले, लाकूड कोरायच्या पटाशीला धार लावणं आणि भंगार फळकुटांवर रंधा मारणं, एवढंच काम. समजावून काही सांगत नाहीत. माणूस कानडी, मराठी समजतं, पण मुळात बोलणंच कमी. मी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर नेला होता, तो त्यांनी बघितला आणि बाजूला ठेवून दिला. मागच्या रविवारी पहिल्यांदा खाच मारायला दिली, तर मध्येच 'साकु' म्हणून पटाशी हातातून काढून घेतली. गिऱ्हाइकं बघत होती, मला फार लागलं. पैसे द्यायला गेलो तर घेत नाहीत. मित्र म्हणतात, मोबाईलवर सगळं आहे, दोन मशिनी घे, महिन्यात मेज तयार. मेस्त्रींना मला शिकवायचंच नाही असं वाटायला लागलंय. सोडू काय?

— एक वाचक, बेळगाव


सोडू नका. निदान येत्या उन्हाळ्यापर्यंत तरी सोडू नका.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर माझं लक्ष अडकलं. जून. तुम्ही मिरगात गेलात आणि आता श्रावण चालू आहे. या दोन महिन्यांत मेस्त्रींनी तुमच्या हातात जोडकाम दिलं नाही, याचा अर्थ तुम्ही 'शिकवत नाहीत' असा लावलात. मला मात्र आमचे बाबा आठवले. मी सुताराची मुलगी. जांबोटीकडचं आमचं गाव. आषाढ-श्रावणात बाबा दाराच्या चौकटीचं काम हातात घेतच नसत. गिऱ्हाईक कितीही मागं लागू दे. त्या दिवसांत ते नांगर-कुळवाची दुरुस्ती करत, हत्यारांना दांडे बसवत, करवतीचे दात कानसीनं घासत बसत. चौकट सुरू व्हायची दसऱ्यानंतर. लहानपणी मला वाटायचं, पावसात अंगणात काम करता येत नाही म्हणून तसं असेल.

खरं कारण मला चाळिशीत कळलं, आणि तेही नुकसान करून घेऊन. घरात भावांच्या हातात पटाशी आली, माझ्या हातात झाडू आला. ढलप्या गोळा करायच्या, भुसा लोटायचा. पुढं शाळेत मुलांना कार्यानुभव शिकवायला लागले तेव्हा लाज वाटायला लागली, की आपल्याला साधा काटकोन धरता येत नाही. मग वडगावातल्या एका मेस्त्रींकडं जायला लागले. तेही तुमच्या मेस्त्रींसारखेच अबोल. पहिल्याच पावसाळ्यात मी हट्टानं एक पाट केला. आंब्याची चौदा इंच रुंद फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. पट्ट्यांना चांगला फेविकॉल लावला, वरून खिळे ठोकले. हलता कामा नये म्हणून जरा जास्तच ठोकले. मेस्त्रींनी पाट उलटा करून बघितला आणि म्हणाले, "पावसाळा आहे." बस्स. मला वाटलं, हवापाण्याचं बोलतायत.

होळीच्या आधी एका रात्री आतल्या खोलीत काड्‌ असा आवाज झाला. सकाळी बघते तर पाट एका टोकाकडून वीतभर फाटलेला. कडेला दोन सूत, म्हणजे पाव इंच फट, आत निमुळती होत गेलेली.

झालं होतं असं. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. कापून, वाळवून, रंग लावूनही हे थांबत नाही. पण फुगणं आणि आकसणं होतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ काहीच होत नाही. रुंदीतही, झाडाच्या कड्यांच्या दिशेनं जेवढं आकसतं ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. आता माझी फळी उभी, पट्ट्या आडव्या. फागुनात हवा कोरडी झाल्यावर फळीला रुंदीत आत यायचं होतं. पट्टीची लांबी काही कमी होत नव्हती, आणि माझ्या खिळ्यांनी फळीला पट्टीशी जखडून ठेवलं होतं. मग फळीला फाटण्यावाचून वाटच उरली नाही. पट्टीला मधोमध एकच स्क्रू घट्ट आणि कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं ठेवली असती, तर पाट आजही असता. जुने सुतार फळीच्या पाठीला आडवी खाच पाडत, वर निमुळती नि आत रुंद, आणि पट्टी तिच्यात नुसती सरकवून ठेवत. सरस नाही, खिळा नाही. फळी आपली मागं-पुढं होत राहते.

आपल्या भागात तर ही गोष्ट गावागणिक बदलते. कणकुंबीकडं धो धो पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं कोरडं माळरान. बाबांनी एकदा अथणीला दिलेल्या पोरीच्या रुखवतासाठी देव्हारा केला, तेव्हा दारं मुद्दाम जरा तंग ठेवली होती. "तिकडं गेलं की सैल पडतंय," म्हणाले. मेस्त्रींनी तुम्हाला यातलं काही सांगितलं नाही हे खरं. पण श्रावणात तुमच्याकडून मेज करून घेतलं नाही, हे त्यांनी तुमचं भलंच केलं, असं मला मनापासून वाटतं.

आता धारेचं. तुम्हाला ती शिक्षा वाटते. सुतारकामातली निम्मी अडचण बोथट हत्यारातून येते आणि नवशिक्याला वाटतं आपला हातच वाईट आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, घसरली की लाकूड तरी जातं नाहीतर डाव्या हाताचा अंगठा. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी अजून वण आहे.

पुढच्या रविवारी निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर बसाल तेव्हा एवढं करून बघा. आधी पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, टोकाकडच्या इंचभरात आरशासारखी करा. हे एकदाच करायचं असतं, पण बहुतेक जण करत नाहीत. मग उताराची बाजू. अंश मोजत बसू नका. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असली की ३० अंश झाले, अडीचपटीच्या जरा खाली असली की २५. मऊ लाकडाला आणि हातानं तासायला २५ चांगला, हातोड्यानं खाच मारायला ३०. घासत राहा, आणि मधूनमधून पाठीकडून अंगठा धारेच्या बाहेरच्या दिशेनं हलकेच ओढा. तुमच्या मशीनवर ज्याला तुम्ही बर म्हणता, धातूची ती बारीक खरबरीत कड, तीच तिथं लागेल. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागली की मगच पाठ टेकवून ती काढा. एका जागी लागत नसेल तर तिथं धार आलेलीच नाही.

मग परीक्षा. केस कापून बघू नका, कागदही नको. पाइनच्या तुकड्याचं आडवं तोंड घ्या, जिथं लाकडाचे तंतू तुटलेले दिसतात ते. त्यावर पातळ काप घ्या. कापलेली जागा मेणासारखी चकाकली तर धार आहे. भुगा होऊन पांढरट, खरबरीत दिसली तर परत निसण्याकडं. मऊ लाकूड ही परीक्षा कठीण घेतं, कारण बोथट पातं त्याला कापायच्या आधी चेपतं. मेस्त्री लांब बसून तुमचं काम न बघता 'अजून' म्हणत असतील, तर ते आवाज ऐकत असतात. धारदार पटाशीचा आवाज कोरडा, तुकड्यातुकड्याचा येतो, बोथट असली की कुरकुरते.

तुमच्या फणसाला तर या धारेशिवाय गत्यंतर नाही. फणसाचं लाकूड देखणं. ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं, आणि वर्षं जातील तसं तांबूस तपकिरी होत जातं. तंजावरची वीणा होते ती याच लाकडाची. पण त्याचे तंतू एकमेकांत उलटसुलट विणलेले असतात. रंधा मारताना एक पट्टा गुळगुळीत निघतो आणि शेजारचा पट्टा उपटून येतो. तिथं जोर कामाचा नाही. पातं ताजं धारेचं, बाहेर केसभरच काढलेलं, आणि रंधा जरा तिरका धरून. तरीही उपटलं तर खरवडून घ्यायचं. जुने मेस्त्री फुटक्या काचेच्या धारेनं खरवडायचे, मी पोलादाची पातळ पत्ती वापरते. तुम्ही दोन महिने फळकुटांवर जो रंधा मारताय तो या सहा फळ्यांसाठीच आहे. आजोबांच्या फळ्या सहाच आहेत. भंगार रोज मिळतं.

'साकु'बद्दल. तुम्हाला लागलं, ते मी समजू शकते. बत्तीस वर्षांचा संसारी माणूस, कारखान्यात चार पोरं हाताखाली असतील, आणि इथं लोकांदेखत हत्यार काढून घेतलं. पण खाच मारताना काय चाललं होतं ते आठवून बघा. कडेच्या रेघेपाशी आला होता काय? नवशिका हमखास तिथंच चुकतो. रेघेवर पटाशी ठेवतो आणि ठोकतो. पातं पाचरीसारखं असतं, ते उताराच्या उलट्या बाजूला ढकललं जातं आणि रेघेच्या पलीकडं अर्धं सूत जातं. मग कुसू, म्हणजे खाचेत बसणारं जोडाचं टोक, सैल बसतो आणि त्याला काही उपाय राहत नाही. शेवटचा घाव रेघेवर असतो, त्याच्या आधीचे सगळे रेघेच्या आत. मेस्त्रींनी तो एक घाव अडवला असेल. बोलायला लागले असते तर तोवर तो पडून गेला असता. शब्दापेक्षा हात लवकर पोचतो, म्हणून हातच पुढं आला.

कानडीत साकु म्हणजे पुरे. "आता इथं थांब, झालं," एवढंच. आमच्याकडं आई ताटात वाढताना पाहुणेसुद्धा तेच म्हणायचे. तुम्ही बेळगावचे, तुम्हाला हे माहीतच आहे, पण दुखावलं की माहीत असलेला शब्दही कठोर लागतो. चार शब्द मुद्दाम त्यांच्या तोंडचे उचला. उळी म्हणजे पटाशी, गरगस करवत, बाचि वाकस, सुत्तिगे हातोडा, अळते माप. "मेस्त्री, उळी कोडरी" म्हणून बघा, चेहरा बदललेला दिसेल. बाबांच्या कामावर नंदगडचा एक बडिगेर, म्हणजे कानडी सुतार, यायचा. त्याचं कानडी आणि बाबांचं मराठी दिवसभर शेजारी शेजारी चालायचं, आणि मधे चहा यायचा. कुणाला दुभाष्या लागल्याचं मला आठवत नाही.

त्यांना समजावून सांगता येत नाही याचं मुख्य कारण भाषा नाहीच. पन्नास वर्षं केलेली गोष्ट हातात मुरलेली असते, ती तोंडात आणायची सवय त्यांना कुणी लावलेली नाही. त्यांनाही कुणी समजावून सांगितलं नसणार. म्हणून तुमच्या विचारण्याची पद्धत बदला. "मेस्त्री, जोड कसा करायचा?" याला उत्तर नाही. घरी पॅकिंगच्या लाकडाचे दोन जोड करून न्या. एक जमलेला, एक बिघडलेला. दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा. ते बिघडलेला उचलतील, प्रकाशाकडं धरतील, फटीत नख घालतील आणि काहीतरी दाखवतील. तेव्हा बघा. जाताना वहीत तारीख घालून लिहा. मी वडगावच्या मेस्त्रींचं जे काही शिकले ते असंच, त्यांच्या नखामागं बघत.

आणि एक गोष्ट स्पष्ट मागा. मेज नको. बाभळीचा लाकडी हातोडा मागा. "मेस्त्री, माझ्यासाठी एक हातोडा करू काय? बाभळीचा, तुमच्यासमोर," एवढं म्हणा. हातोड्यात सगळं येतं. डोक्याला आरपार खाच, ती एका बाजूला जरा रुंद. दांडा त्यात बसवायचा, रुंद बाजूनं पाचर ठोकायची. बाभूळ नाही मिळाली तर चिंच चालेल, दोन्ही जड आणि चिवट. चुकला तर नुकसान एका ओंडक्याचं. जमला तर पुढची सगळी वर्षं तुम्ही त्याच हातोड्यानं पटाशीवर माराल. हे काम पावसाळ्यातही चालतं, फक्त दांड्याचं लाकूड पुरतं वाळलेलं घ्या, नाहीतर उन्हाळ्यात डोकं निसटून येतं. बहुतेक मेस्त्री या मागणीला नाही म्हणत नाहीत. अमुक एक वस्तू, त्यांच्या देखरेखीखाली, आणि तिचा उपयोग त्यांच्याच दुकानात.

सरावाचं लाकूड तुमच्या पायाशी आहे. उद्यमबागेत बाहेरून येणाऱ्या मशिनींची पाइनची खोकी आणि पॅलेट पडलेली असतात. साहेबांना विचारून घ्या, न विचारता आणू नका. घेताना त्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेलं, ते चालेल. एमबी असेल तर हात लावू नका, त्यावर मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. शिक्काच नसेल तरीही सोडून द्या. आणि प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवा. आत राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला असा दात पाडतो की तास गेला समजा.

व्हर्नियरची गोष्ट. तुम्ही दिवसभर मायक्रॉनमध्ये काम करता आणि ते कौशल्य मोठं आहे. पोलाद सकाळी जेवढं असतं जवळजवळ तेवढंच संध्याकाळी असतं, म्हणून तिथं आकडा खरा. लाकडाचा आकडा महिन्याभरात बदलतो. म्हणून सुतार एका तुकड्याचं माप दुसऱ्या तुकड्यावरूनच घेतो. कुसू मोजून खाच पाडायची नाही, कुसू त्या जागी धरायचा आणि त्याच्या कडेनं रेघ मारायची. रेघही पेन्सिलीची नको, चाकूच्या टोकाची. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि तुम्ही तिच्या कुठल्या बाजूला कापलंत यावर जोड सैल की घट्ट ते ठरतं. चाकूच्या रेघेत पटाशी आपोआप जाऊन बसते. बाबांच्याकडं दरवाज्यासाठी एक बांबूची काठी असायची. तीवर चौकट, आडव्या पट्ट्या, कडी, सगळ्यांच्या खुणा. दार पूर्ण होईपर्यंत फूटपट्टीला हात लावत नसत, कारण वाचताना चूक व्हायची शक्यताच उरत नाही. मेजासाठी तुम्हीही अशी काठी करा. चौकोन काटकोनात आहे काय ते बघायला दोन्ही कर्ण मापा, सारखे भरले की काटकोन. कुसूची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. एवढं गणित पुरतं.

मोबाईलवरचे व्हिडिओ बघू नका असं मी म्हणणार नाही. मी रात्री बघते. एखादा जोड उलगडून दाखवतात ते फार चांगलं कळतं. पण त्यातले बहुतेक लोक भट्टीत वाळवलेलं परदेशी लाकूड वापरतात, वर्षभर एकसारख्या हवेच्या बंद खोलीत. श्रावणातलं शहापूर त्यांना माहीत नाही, आणि उलट्या तंतूंचा फणसही नाही. तुमची पटाशी रेघेपाशी तिरकी होतेय हे तर मोबाईल कधीच बघू शकणार नाही. मशीन घ्या, पण पहिलं वर्ष थांबा. आणि अँगल ग्राइंडरला लाकूड कापायची दातेरी चकती लावून काम करतात, ते कधीही करू नका. ती अडकली की यंत्र हातातून उसळतं. तुम्ही मशीनवरचे, तुम्हाला फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नि सैल बाह्या का नकोत ते सांगायला नको. मास्क मात्र लावा. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत जाणं कर्करोगाचं कारण ठरतं, हे आता पक्कं झालेलं आहे. मेस्त्री लावत नसतील. त्यांच्यासाठीही एक घेऊन जा.

पैशांचं. ते घेत नाहीत म्हणजे त्यांना ते नातं गिऱ्हाइकाचं करायचं नाही. मग पाकीट पुन्हा पुढं करू नका, त्यांना संकोच होईल. पण फुकटही शिकू नका. सकाळी अर्धा तास आधी जा, भुसा लोटा, हत्यारं पुसून तेलाचा हात द्या. जड फळी उचलायला सत्तरीच्या माणसाला दुसरा खांदा लागतो. खंडेनवमीला हत्यारं मांडली जातील, तेव्हा नारळ, फुलं, आणि त्यांच्या घरच्यांना आवडेल ते घेऊन जा, बायको-मुलीला घेऊन जा. त्यांच्या बाकाचा शेगडा, लाकूड आवळून धरतात तो, बघितलात काय? जुन्या शेगड्यांचे आटे झिजलेले असतात, अर्धा फेरा फुकट जातो. कारखान्याची परवानगी घेऊन त्याचा नवा स्क्रू तुम्ही करून दिलात, तर जे काम तुम्हाला येतं आणि त्यांना येत नाही ते त्यांच्या बाकावर रोज असेल. तिथं तुमचा मायक्रॉन कामाला येईल.

शिवाय एक विचारून बघा. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. १८ पारंपरिक कामांत सुतारकाम आहे. ओळखपत्र, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण आणि त्या दिवसांचा ५०० रुपये रोज, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि हवं असेल तर ५ टक्के व्याजानं कर्ज, पहिल्यांदा एक लाखापर्यंत. मेस्त्रींनी नोंदणी केली नसेल तर आधार, बँक पासबुक घेऊन त्यांना सेवा केंद्रात घेऊन जा. अंगठा त्यांचाच लागतो, फॉर्म भरायला मात्र तुमच्यासारखा माणूस बरोबर असला की काम होतं. ही योजना हे काम करून पोट भरणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, तेव्हा आपलं नाव त्यात घालायच्या भानगडीत पडू नका.

सोडायचंच कधी, हेही सांगते. तुमचा बाप काढला, जात काढली, तर त्या दिवशी हत्यार खाली ठेवून निघा. संरक्षक झाकण काढलेल्या करवतीवर काम करायला भाग पाडलं तरी निघा. उन्हाळा येऊन गेला, हातोडा मागूनही दिला नाही, तुम्ही नेलेला जोड हातातही घेतला नाही, तर दुसरे मेस्त्री शोधा. पण तुमच्या पत्रातल्या माणसानं व्हर्नियर फेकला नाही, बाजूला ठेवला. पैसे घेतले नाहीत. आणि दोन महिन्यांनी खाच मारायला दिली. माझ्या मेस्त्रींनी मला सहा महिने दिली नव्हती.

आता फळ्या. गणपतीला गावी जाल तेव्हा माळ्यावरून उतरवा. बोटानं ठोकत जा. आवाज भरीव आला तर उत्तम, पोकळ आला किंवा खाली पिठासारखा भुगा पडला तर भुंग्यानं पोखरलंय, तेवढा भाग कापून टाकावा लागेल. एखादी फळी तरी जाईल असं मनात धरून चला. चुंबक फिरवायचा विसरू नका, माळ्यावरच्या लाकडात कुणी ना कुणी खिळा मारून ठेवलेला असतोच. मग त्या अनगोळला आणा आणि ज्या खोलीत मेज राहणार त्याच खोलीत ठेवा. भिंतीला टेकवून नाही. जमिनीवर सारख्या जाडीच्या पट्ट्या, त्यावर फळी, पुन्हा पट्ट्या, पुन्हा फळी. सगळ्या पट्ट्या एकावर एक उभ्या रेषेत, आणि वर थोडं वजन. फळ्या वीस वर्षं वाळल्या आहेत, पण त्या घाटाजवळच्या हवेत. त्यांना तुमच्या घराची हवा लागू द्या. दिवाळीनंतर मेस्त्रींना एक फळी नेऊन दाखवा. त्याआधी नाही.

तोवर एक काम करा, यात मात्र व्हर्नियर हवा. सहांतली सगळ्यात रुंद फळी निवडा. तिच्या मधोमध आडवी चाकूची रेघ मारा आणि रेघेवर रुंदी मापा. मोठा व्हर्नियर कारखान्यात असेलच, नाहीतर फळीच्या दोन्ही कडांपासून आत दोन बारीक टोचे मारा आणि त्यांच्यातलं अंतर मापा. फळीवरच पेन्सिलीनं तारीख आणि आकडा लिहा. दर अमावास्येला परत मापा आणि खाली लिहीत जा. वैशाखात ती आकड्यांची ओळ मेस्त्रींना दाखवा, आणि मलाही पाठवा. फणस आपल्याकडं किती हलतो ते मला आकड्यात बघायचं आहे.